रिमिनीत दोन रात्री: काय पाहावं, आणि तो किनारा चालतो तरी कसा?

खालचापाट
मे अखेरीस सात जणांचा गट इटलीत असेल. सगळे गुहागर, असगोली, पालशेतचे घरगुती निवास-न्याहारीवाले. बोलोन्या आणि व्हेनिसच्या मध्ये दोन रात्री रिमिनीला ठेवल्यात. नकाशावर आधी समुद्र, मग हॉटेलांची भिंत, मग रेल्वे आणि रेल्वेपलीकडे जुनं गाव असं दिसतंय. माहितीपत्रकात मात्र छत्र्यांच्या फोटोपलीकडे काही नाही.

जाणकारांनी सांगावं: गाव रोमन काळातलं म्हणतात, मग तिथे पर्यटन कधी आणि कशामुळे आलं? दोन दिवसांत कोणत्या क्रमाने काय पाहावं? किनारा सरकारी असेल तर छत्र्या-खाटांचं भाडं कोण घेतं? सातांत दोघे शुद्ध शाकाहारी आहेत, त्यांचं काय? आणि ज्यासाठी एवढ्या लांब चाललोय तो प्रश्न: तशा छत्र्यांच्या रांगा आपल्या किनाऱ्यावर का लागत नाहीत? इथे दर हंगामात कोणीतरी हा विषय काढतंच.

पोफळबाग
इतिहासाचं मी घेतो, बाकीचं इतर सांगतील.

रोमनांनी इ.स.पू. २६८ मध्ये वसाहत केली, नाव आरिमिनुम. रोमहून उत्तरेला येणारा फ्लामिनिया रस्ता इथे संपतो आणि एमिलिया रस्ता इथून पिआचेंझाकडे निघतो, म्हणजे तेव्हाचं नाक्याचं गाव. पुढे मध्ययुगात मालातेस्ता घराण्याची सत्ता. समुद्र होता तो बंदर आणि मासेमारी यांच्यापुरता. वाळूला कोणी विचारत नव्हतं.

पर्यटन आलं ते औषधाच्या वाटेने. बाल्दिनी या सरदार घराण्यातले भाऊ आणि क्लाउदिओ तिंतोरी नावाचे डॉक्टर यांनी ३० जुलै १८४३ ला पहिलं समुद्रस्नानगृह सुरू केलं. मौजेखातर पोहणं हा प्रकार नव्हता. खाऱ्या पाण्यात किती वेळ बसायचं, किती दिवस बसायचं, हे डॉक्टर ठरवणार आणि श्रीमंत माणसं त्याचे पैसे मोजणार. १८६१ मध्ये बोलोन्या-अँकोना रेल्वे आली आणि गिऱ्हाईक वाढलं. रुळांच्या समुद्राकडच्या बाजूला नवं गाव उभं राहिलं. तुम्हाला नकाशात दिसतात ती दोन गावं या रुळांनी केलेली आहेत. आपल्याकडे १९९८ ला कोकण रेल्वे पुरी झाली ती किनारा सोडून डोंगरातून, त्यामुळे चिपळूणला उतरून गुहागरला यायला अजून तासाभराची एसटी लागते. रिमिनीत स्टेशनातून निघून पंधरा-वीस मिनिटांत पाय वाळूत.

१८७३ मध्ये कुरसाल बांधला, म्हणजे नाच, जेवणं, मैफली यांची इमारत. १९०८ मध्ये ग्रँड हॉटेल. त्याच्या माथ्यावर दोन घुमट होते, ते १९२० च्या आगीत गेले आणि परत बांधलेच नाहीत. जुन्या चित्रात घुमट दिसले तर इमारत तीच आहे, गोंधळू नका. फासिस्ट राजवटीत कारखान्यांच्या आणि संस्थांच्या मुलांसाठी किनाऱ्यावर मोठमोठी सुट्टी-शिबिरं उभी राहिली. मिरामारेची नोवारेझे ही त्यातलीच, १९३४ ची, लांबून जहाजासारखी दिसते.

मग युद्ध. नोव्हेंबर १९४३ पासून बाँबहल्ले सुरू झाले, पुढे गॉथिक लाइन या जर्मन बचावफळीची लढाई इथेच झाली आणि २१ सप्टेंबर १९४४ ला ग्रीक ब्रिगेड शहरात शिरली तेव्हा बहुतेक शहर ढिगाऱ्यात होतं. आज जी हॉटेलांची भिंत दिसते ती त्यानंतरची. तिचा पाया मोठ्या कंपन्यांनी घातलेला नाही. घराच्या दोन खोल्या भाड्याने, आई स्वयंपाकात, बाप आणि मुलगा किनाऱ्यावर, असे ‘पेन्सिओने’ निघाले. जर्मन कुटुंबं एकाच घरात वर्षानुवर्षं येऊ लागली, मजल्यावर मजला चढला. तुमच्या धंद्याचे हे थेट पूर्वज. फरक इतकाच की त्यांनी गाव इतकं भरून टाकलं की मागच्या रांगेतल्या हॉटेलांना समुद्र दिसायचा राहिला.

एक ठेच मात्र नोंदवून ठेवा. १९८९ च्या उन्हाळ्यात समुद्रावर चिकट बुळबुळीत साय आली. सूक्ष्म शैवाल बाहेर टाकतं तो चिकट द्रव तापलेल्या, संथ पाण्यात साठून त्याचे पट्टे होतात. विषारी नसतो, पण अंगाला चिकटतो, आणि त्यात पोहायला कोण उतरणार? हंगाम कोसळला. एकट्या समुद्रावर विसंबणं तिथल्या लोकांनी त्यानंतर कमी केलं: व्यापारी प्रदर्शनं, करमणूक उद्यानं, जुन्या गावाची डागडुजी, आणि २००६ पासून उन्हाळ्यातली ‘नोत्ते रोझा’ ही गुलाबी रात्र.

सुरूबन
क्रमाचं सांगतो. दोन्ही दिवस सकाळ जुन्या गावात आणि संध्याकाळ किनाऱ्यावर ठेवा. उलटं केलंत तर चुकाल, कारण रिमिनीचा किनारा ईशान्येकडे तोंड करून आहे. समुद्रात सूर्य उगवतो, मावळत नाही! मे अखेरीस साडेपाचच्या सुमारास उगवतो, हौस असेल तर तेव्हा उठा. दुपार कलली की ऊन पाठीमागून, हॉटेलांच्या बाजूने येतं. आपल्यासारखा सूर्यास्त बघायला बसलात तर चहावाल्याची पाठ दिसेल.

पहिला दिवस: स्टेशनातून ऑगस्टसची कमान. इ.स.पू. २७ ची, इटलीत उभ्या असलेल्या रोमन कमानींत सर्वांत जुनी धरतात. गाळा इतका रुंद की त्याला बंद होणारा दरवाजा बसवणंच शक्य नव्हतं. युद्धं संपली, आता वेशीला दार कशाला, असा तो दिखावा होता. वरचे दात्यांसारखे कंगोरे मध्ययुगातले, ते रोमन समजू नका. तिथून सरळ रस्ता त्रे मार्तिरी चौकात येतो, म्हणजे रोमनांचा फोरम. चौकाचं नाव १६ ऑगस्ट १९४४ ला तिथे फाशी दिलेल्या तीन तरुण प्रतिकारकांवरून.

बाजूलाच तेंपियो मालातेस्तियानो. सिजिस्मोंदो मालातेस्ताने जुन्या चर्चवर वास्तुविशारद अल्बेर्तीकडून संगमरवरी कवच चढवून घ्यायला घेतलं, पैसा आणि सत्ता दोन्ही आटली, काम अर्धवट राहिलं. दर्शनी भागाचा वरचा अर्धा बघा, कमान सुरू होते आणि मध्येच थांबते. आत चित्रकार जोत्तोचा क्रूस आणि पिएरो देल्ला फ्रांचेस्काचं १४५१ चं भित्तिचित्र. हे चालू चर्च आहे: खांदे झाकलेले हवेत, दुपारी बंद असतं, प्रार्थना सुरू असेल तर फिरू देत नाहीत.

दुसऱ्या दिवशी कावूर चौक आणि तिथला जुना मासळी बाजार, वेक्क्या पेस्केरिया. हा चुकवू नका. १७४७ चा. दोन्ही बाजूंना दगडी लांबच लांब कट्टे, आणि मासळी धुतलेलं पाणी वाहून जायला सोय. कट्टा कमरेच्या उंचीचा, म्हणजे विकणारीला वाकायला नको आणि गिऱ्हाइकाला कल्ले उघडून बघता येतात. आता संध्याकाळी तिथे दारूचे पेले ठेवतात. हर्णैला अजून वाळूवर लिलाव होतो आणि पावणेतीनशे वर्षांपूर्वी यांनी कट्टे बांधलेत, हे बघून थोडा राग येतो.

मग तिबेरियसचा पूल. ऑगस्टसने इ.स. १४ मध्ये सुरू केला, तिबेरियसने २१ मध्ये पुरा केला. पाच कमानी, इस्त्रियाचा पांढरा दगड. खाली काठावर उतरून खांब बघा, ते पुलाच्या रेषेला काटकोनात नाहीत, प्रवाहाच्या दिशेने तिरपे बसवलेत, म्हणून पुराचं पाणी त्यांच्यावर धडकत नाही, बगलेने जातं. १९४४ मध्ये माघार घेताना जर्मनांना तो उडवता आला नाही. पलीकडे बोर्गो सान जुलियानो, जुनी कोळीवस्ती. लहान घरं, भिंतींवर दिग्दर्शक फेलिनीच्या चित्रपटांतली पात्रं रंगवलेली. फेलिनी इथलाच, जन्म २० जानेवारी १९२०. त्याचं संग्रहालय २०२१ ला किल्ल्यात, म्हणजे कास्तेल सिस्मोंदोत, उघडलं.

वेळ उरला तर दोमुस देल किरुर्गो, शल्यविशारदाचं घर. १९८९ मध्ये फेर्रारी चौकात सापडलं, २००७ पासून बघायला खुलं. इ.स. तिसऱ्या शतकात आगीत कोसळलं आणि त्याच ढिगाऱ्याखाली दीडशेच्या वर शस्त्रक्रियेची हत्यारं राहिली. जमिनीची नक्षी जागेवर काचेच्या पुलावरून दिसते, हत्यारं समोरच्या शहर संग्रहालयात आहेत, म्हणून दोन्ही एकापाठोपाठ बघा. नगरपालिकेची संग्रहालयं सोमवारी बंद, त्यामुळे मुक्कामात सोमवार येत असेल तर आधीच क्रम फिरवा.

बोलोन्याहून वेगवान गाडीने साधारण तास, प्रादेशिक गाडीने दीड. प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात छापून घ्यायचं असतं. खिशात तिकीट आहे पण शिक्का नाही, तर दंड.

भांगउधाण
मी शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. उत्तर भरती-ओहोटीत आहे.

एड्रियाटिक हा जवळजवळ कोंडलेला समुद्र. रिमिनीला उधाणाच्या दिवशीसुद्धा भरती-ओहोटीतला फरक मीटरभर होत नाही. आपल्या रत्नागिरी पट्ट्यात उधाणाला तो अडीच मीटरच्या आसपास जातो. आता उतार पन्नासाला एक धरा. अडीच मीटर पाणी चढलं की पाण्याची कड सव्वाशे मीटर आत येते. त्याच उतारावर पाऊण मीटरला ती चाळीस मीटरसुद्धा सरकत नाही. म्हणून तिथे मे महिन्यात वाळूत गाडलेल्या नळ्या सप्टेंबरपर्यंत तशाच राहतात. रोज सकाळी छत्रीचा दांडा नळीत उतरवायचा, संध्याकाळी छत्री मिटून वर पिशवी चढवायची. आपल्याकडे सुकतीला, म्हणजे ओहोटीला, पाण्याजवळ लावलेली रांग सहा तासांत उचलावी लागेल, आणि उद्या ती वेळ पाऊण तासाने पुढे.

मग लावायची तर उधाणाच्या रेषेच्या वर. ती रेषा शोधायला यंत्र नको: अमावास्या-पौर्णिमेनंतर वाळूवर काटक्या, चुडतं, थर्माकोल यांची माळ पडते, तीच. तिच्या वर मोकळी वाळू किती उरते ते मोजा. गुहागरला बऱ्याच ठिकाणी लगेच सुरूचं बन लागतं. तिथे सावली फुकट असताना छत्रीचं भाडं कोण देणार?

दुसरं कारण वारा. एप्रिल-मेत दुपारनंतर खारा वारा धरतो आणि उघडी छत्री शिडासारखी भरते. प्लॅस्टिकच्या बैठकीत वाळू भरून उभी केलेली छत्री पहिल्या झोतात लोळते, तिचा दांडा कोणाच्या तोंडावर बसला तर निस्तरणं कठीण. लावायचीच असेल तर दोन फूट खणून ओल्या वाळूपर्यंत जा, दांडा वाऱ्याकडे जरा कलता ठेवा, वाळू थराथराने टाकून पायाने चेपा. सुकी वाळू दांड्याला धरत नाही.

किनारा कोणाचा, तर सरकारचा. त्याचे पट्टे परवान्याने दिलेले असतात, प्रत्येक पट्टा म्हणजे एक ‘बान्यो’ आणि त्याला नंबर. तिथले लोक पत्ता हॉटेलाच्या नावाने कमी आणि बान्योच्या नंबराने जास्त सांगतात. पट्टा चालवणारा तो बान्यीनो. एरवी इटालियनमध्ये बान्यीनो म्हणजे जीवरक्षक, पण त्या भागात जीवरक्षकाला ‘साल्वाताज्जो’ म्हणतात. साधारण दर दीडशे मीटरला त्याचा मनोरा, आणि खाली दोन नळकांडी जोडलेली लाल वल्ह्यांची होडी. पांढरा बावटा असेल तर तो कामावर आहे, लाल असेल तर पाण्यात जाऊ नका. ही सेवा मेच्या शेवटच्या आठवड्याच्या सुमारास सुरू होते, म्हणजे तुम्ही अगदी उंबरठ्यावर पोचताय. पाणीही तेव्हा गारच.

भाडं पहिल्या रांगेला सर्वांत जास्त, मागे जाल तसं कमी. फक्त चालायचं, पाण्यात पाय बुडवायचे, तर कोणी पैसे मागू शकत नाही: बान्योमधून पाण्यापर्यंत जायचा हक्क २००६ च्या कायद्याने दिलाय, आणि पाण्याच्या कडेचा पट्टा मोकळा ठेवावाच लागतो. बंदराजवळ बिनभाड्याचा किनाराही आहे, तिथे आपला पंचा आपण अंथरायचा.

गेली काही वर्षं त्यांच्यात भांडण आहे ते या परवान्यांवरून. तेच परवाने घराण्यातच पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. युरोपीय संघाचा नियम म्हणतो, लिलाव करा. इटलीने मुदत ढकलत ढकलत सप्टेंबर २०२७ वर आणून ठेवलीय. कोणाही बान्यीनोपाशी हा विषय काढा, तासभर सोडणार नाही.

रांजणवाडी
वरच्यांनी वाळू आयती मिळते असं चित्र उभं केलंय, म्हणून पुरवणी.

रिमिनीच्या बंदराचा धक्का समुद्रात घुसलाय. तिथे किनाऱ्यालगत वाळू दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते. धक्क्याने ती अडवली, म्हणून दक्षिणेचा मरीना चेंत्रोचा किनारा भलता रुंद झाला आणि उत्तरेकडे रिवाबेल्ला, विसेर्बा या बाजूला वाळू तुटली. तिकडे समुद्रात दगडांच्या आडव्या रांगा टाकून लाट मोडावी लागते. स्टेशनवरून बस धरून विसेर्बाला जा आणि फरक उघड्या डोळ्यांनी बघा. माझ्या मते तुमच्या गटासाठी हे ग्रँड हॉटेलपेक्षा जास्त उपयोगाचं. आपल्याकडे एखादा धक्का झाला की पुढच्या दोन-चार पावसाळ्यांत शेजारच्या वाडीची माडाची मुळं उघडी पडतात आणि मग तिथे धूपप्रतिबंधक बंधारा मागायचा. काळ्या दगडाचा उभा बंधारा लाट परतवतो, पण परतणारी लाट पायथ्याची वाळू घेऊन जाते. बागायत वाचते, पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, जाते.

दुसरं: हंगाम संपला की तिथे यंत्राने वाळूचा लांब वरवंडा घालतात, किनाऱ्यावरच्या बान्योंच्या खोल्यांच्या पुढ्यात, हिवाळी वादळांसाठी. वसंतात तो मोडून वाळू परत पसरतात. म्हणजे तो सपाट गालिचा दरवर्षी हाताने केलेला असतो.

तिसरं, सांडपाणी. जुन्या गटारांत पावसाचं आणि घरांचं पाणी एकत्र यायचं, मोठी सर आली की दारं उघडून ते थेट समुद्रात, आणि लगेच पोहायला बंदी. त्यासाठी गेल्या दशकात नळ वेगळे केले आणि केनेडी चौकाखाली मोठ्या टाक्या बांधल्या, वर लोकांना बसायला सज्जा. तो बघून या आणि आपल्या पऱ्या, म्हणजे ओढे, समुद्राला मिळतात तिथे काय वाहतं तेही बघा. छत्र्यांचं नंतर.

माजघर
खाण्याचं. त्या भागाची भाकरी म्हणजे पियादिना. गव्हाचं पीठ, मीठ, पाणी, जरा सोडा आणि स्निग्ध पदार्थ, तेस्तो नावाच्या तव्यावर कोरडी भाजायची. रिमिनीची पातळ आणि मोठी, जाडी फार तर तीन मिलिमीटर. वर फोर्ली-रावेन्नाकडे लहान आणि जाड. २०१४ पासून तिला भौगोलिक मानांकन आहे.

शाकाहाऱ्यांसाठी सापळा नेमका इथेच: तो स्निग्ध पदार्थ पुष्कळदा ‘स्त्रुत्तो’ असतो, म्हणजे डुकराची चरबी. भाजी-चीजची पियादिना मागितली तरी पोळीत ती असतेच. विचारायचं ‘सेन्झा स्त्रुत्तो?’ आणि हवी ‘कोन ओलिओ’, म्हणजे ऑलिव्ह तेलाची. बहुतेक टपऱ्या दोन्ही ठेवतात. आत स्क्वाक्वेरोने हे पातळ, आंबूस चीज आणि रुकोला पाला. कडक शाकाहारी असतील तर चीजला लावलेलं विरजण जनावराचं असू शकतं. तिथे तव्यावरच्या भाज्या आणि टोमॅटो. ताज्या शेवयांत, म्हणजे ताल्यातेल्लेत, अंडं असतं. अंडं न खाणाऱ्यांनी सुका पास्ता मागावा.

मासे खाणाऱ्यांची चैन आहे. ‘वोंगोले’ म्हणजे तिसऱ्या, शिंपल्यांसकट स्पॅगेटीत. नारळ नाही, वाटण नाही, लसूण-तेलावर. सार्दोंचीनी ही मांदेलीच्या मापाची मासळी, भाजून पियादिनेत कांद्यासोबत. ब्रोदेत्तो हे कालवण, पण त्यात आंबट व्हिनेगर-टोमॅटोचं, कोकम शोधू नका.

खोली घेताना ‘मेत्झा पेन्सिओने’ म्हणजे न्याहारी आणि एक जेवण, ‘पेन्सिओने कोम्प्लेता’ म्हणजे दोन्ही जेवणं. बाटलीचं पाणी बहुधा वेगळं. नगरपालिकेचा मुक्काम-कर दर माणशी दर रात्री असतो आणि तो खोलीच्या भाड्यात धरलेला नसतो, निघताना मागतात. उपाहारगृहात ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी आकार लागतो, ती फसवणूक नाही, पाटीवर लिहिलेला असतो. दुपारचं जेवण अडीचला आवरतं, रात्रीचं साडेसातच्या आधी मिळत नाही. मधल्या वेळेला पियादिनेची टपरी.

खालचापाट
सगळ्यांचे आभार, विसेर्बा नक्की करतो. दोन शंका. आमच्या तारखांत २ जून येतोय, त्याने काही बिघडेल का? आणि इथे छत्र्या नाहीत तर निदान खाटा आणि शॅक, म्हणजे खाण्यापिण्याची खोपटी, तरी बसतात का, नियमाने?

सुरूबन
२ जून त्यांचा प्रजासत्ताक दिन. लोक जोडून सुट्टी घेतात, किनाऱ्याजवळची हॉटेलं भरतात. खोल्या आत्ताच धरा, आणि शक्य असेल तर स्टेशन आणि जुन्या गावाच्या बाजूला. तरी १५ ऑगस्टच्या मानाने काहीच नाही, तो त्यांचा फेर्रागोस्तो, तेव्हा अख्खी इटली समुद्रावर.

दोन सूचना राहिल्या. किनाऱ्यावर फिरत्या विक्रेत्याकडून नकली ब्रँडची पर्स घेतलीत तर घेणाऱ्यालाही दंड होतो, तीनशे युरोपासून पुढे. आणि वाळू-शिंपले आठवण म्हणून पिशवीत भरू नका, तोही गुन्हा आहे.

भांगउधाण
शॅकचं: राज्याच्या २०२० च्या धोरणात पहिल्या आठ किनाऱ्यांत गुहागर होतं. कच्चं, उचलता येईल असं बांधकाम आणि स्थानिकांना प्राधान्य, असा त्याचा गाभा. सागरी नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेत किनाऱ्यावर तात्पुरत्या पर्यटन-सोयी चालतात, पण भरतीच्या रेषेपासून किमान दहा मीटर सोडून. ही रेषा मंजूर नकाशावरची धरायची, वर मी सांगितली ती चुडतांची माळ कागदावर चालत नाही. अर्ज करायच्या आधी त्या नकाशाची तुमच्या गावची पत्रिका काढा आणि पौर्णिमेच्या भरतीला जागेवर उभं राहून ताडून बघा. दोन्हींत फरक निघाला तर खांब जी रेषा जास्त आत आहे तिच्यापासून मोजा, आणि पहिल्या पावसाच्या आधी सगळं उचलून अंगणात.